साडेसातची खाडी

१

डबा जागच्या जागी होता. आत आल्फ नव्हता.

लोर्ना पॅस्को पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर पिवळसर लाकडाचा डबा, झाकण उघडं. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, पण रिकामी. आतून धुतलेली, पुसून कोरडी केलेली, चार घड्या घालून नीट ठेवलेली. त्या पिशवीत त्यांच्या नवऱ्याची रक्षा होती. टास्मानियातल्या स्टॅन्ले गावाहून त्या ती उराशी धरून घेऊन आल्या होत्या.

"सव्वाआठला नाश्ता करून आले," त्या म्हणाल्या. "डबा उचलला आणि हाताला कळलं. एक्कावन्न वर्षं निजले गं त्याच्या शेजारी. वजन कळतं."

मी या जहाजावर आठव्या मजल्याच्या केबिनींची मुकादम. मूळची फिजीची, कांडावू बेटावरची. अठरा वर्षांत सकाळची प्रार्थना चुकवली नाही, मंगळवारचा उपास मोडला नाही आणि पाहुण्यांच्या भानगडीत पडले नाही. पण लोर्नाबाईंनी पहिल्याच दिवशी मला हाताला धरून तो डबा दाखवला होता.

त्यांचा मुलगा केल शेवंडं धरायला न्यूझीलंडच्या या ओसाड टोकाला आला होता. अकरा वर्षांपूर्वी डस्की साउंड नावाच्या खाडीच्या तोंडाशी त्याची बोट उलटली. बोट सापडली, केल सापडला नाही. या मार्चमध्ये आल्फ गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मला पोराजवळ ठेव."

कप्तानांनी परवानगी अदबीनं नाकारली होती. या खाड्यांमध्ये जहाजातून थेंबसुद्धा बाहेर टाकायचा नाही, असा कडक नेम आहे. बारा मैल बाहेर, भर समुद्रात सोडा म्हणाले. "भर समुद्रात माझं कोण आहे?" असं म्हणून बाईंनी ठरवलं होतं, डस्की आलं की आपल्याच बाल्कनीतून, गुपचूप.

"सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगू का?" मी विचारलं.

"काय सांगशील? मी चोरून करणार होते ते कुणीतरी आधीच चोरलं, म्हणून?" त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. "उनाइसी, तीन वाजता आपण डस्कीत शिरणार. तोवर माझा माणूस मला शोधून दे. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी. या वाटेनं पुन्हा येणं होणार नाही."

बाहेर मिलफर्ड साउंड, दुसरीच खाडी होती. छापलेल्या कागदावर सकाळी साडेसातला डस्की आणि दुपारी तीनला मिलफर्ड होतं. पण डस्कीच्या तोंडाशी लाटा फार उसळल्या, म्हणून कप्तानांनी पहाटे क्रम उलटा केला होता. ढग पाण्यापर्यंत उतरलेले. कड्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि न दिसणाऱ्या धबधब्यांचा आवाज येत होता.

मी खाली पाहिलं. गालिच्यावर ओली पावलं होती. बाल्कनीच्या दारापासून टेबलापर्यंत, आणि टेबलापासून परत बाल्कनीकडे. केबिनच्या दाराच्या बाजूला गालिचा खडखडीत कोरडा होता.

२

प्रत्येक दाराला कार्डाचं कुलूप असतं, आणि कुलूप कोण कधी आलं ते लक्षात ठेवतं. नोंद काढून घ्यायला मला पाच मिनिटं लागली. लोर्नाबाई आणि त्यांची मुलगी रोवेना साडेसहाला नाश्त्याला गेल्या. त्यानंतर सव्वाआठपर्यंत ते दार एकदाच उघडलं होतं. सात छत्तीसला, रोवेनाच्या कार्डानं.

रोवेना आईच्याच केबिनमध्ये राहत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, आवाज वर्गात असल्यासारखा.

"हो, आले होते. शाल घ्यायला. चोरी आहे का ती?" ती माझ्यावरच उसळली. "रांगेत अंड्यांसाठी उभ्या होतो तेव्हा लाउडस्पीकरवर सांगितलं, आधी मिलफर्ड म्हणून. म्हटलं डेकवर जाऊ. डेकवर गार वारा. शाल घेतली आणि निघाले. डेकवर राष्ट्रीय उद्यानाचा तो माणूस एवढी छान माहिती सांगतो, आणि केबिनमध्ये तुमचा लाउडस्पीकर मुका! एक शब्द ऐकू येत नाही."

"पाहुण्यांची झोपमोड होते, म्हणून केबिनमध्ये लावत नाहीत," मी म्हणाले. "डबा पाहिलात?"

"त्या डब्याकडे मी बघत नाही."

"का बघशील!" लोर्नाबाई पलंगावरून म्हणाल्या. "पहिल्यापासून तुझ्या मनात नव्हतं."

"नव्हतंच! बाबांची जागा स्टॅन्लेला आहे, त्यांच्या आईवडिलांशेजारी. रविवारी फुलं नेऊन मी ठेवू कुठे? पाण्यावर?"

"म्हणून टाकलास त्याला?"

खोलीतली हवाच गेली. रोवेनाचा चेहरा पांढरा पडला.

"मी घेतले असते ना, आई, तर घरी नेले असते. टाकले नसते." तिचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तू अकरा वर्षं केलसाठी रडलीस. मी जिवंत आहे, हे आहे का तुझ्या लक्षात?"

ती दार आपटून निघून गेली. लोर्नाबाईंनी डबा उलटा करून तळावर हात फिरवला, काही चिकटून राहिलंय का बघायला.

"कुलूप काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलवत नाही. मी सांगितलं, कुलूप तुमच्या मुलीचं नाव घेतं.

३

शेजारच्या केबिनमध्ये आल्फचे धाकटे भाऊ क्लॅरी पॅस्को. शहात्तर वर्षांचे, बास सामुद्रधुनीत मासेमारी करून करून मिठात मुरलेले. मी गेले तेव्हा ते बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पायांत मोजे. बूट खाली वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेले. टेबलावर चहाची किटली, तिच्याखाली दिनक्रमाचा छापील कागद.

"सकाळी काही आवाज ऐकलात का, शेजारून?"

"काय? जोरात बोल, पोरी!"

"कानाचं यंत्र कुठे आहे तुमचं?"

"खणात. शिट्ट्या मारतं मेलं. जेवताना लावतो, रोवेना ओरडते म्हणून. तीही शिट्टीच आहे म्हणा." ते स्वतःच्या विनोदावर हसले, पण डोळे लाल होते.

सहा वाजता त्यांना चहा दिला तो जोमार या आमच्या फिलिपिनो पोऱ्यानं नव्हे, त्याच्या जागी आलेल्या बाईनं, हे मी तिला विचारून पक्कं केलं होतं. त्यानंतर साहेब केबिनबाहेर पडलेच नव्हते, असं तीही म्हणाली आणि कुलूपही.

"आज काही दिसत नाही हो बाहेर," मी ओरडून म्हणाले.

"दिसायला कशाला पाहिजे! असल्या धुक्यात चाळीस वर्षं काढली मी. माझा बाप सांगायचा, धुक्यात डोळा खोटं बोलतो, कागद नाही. डोळ्यावर गेला तो खडकावर गेला." त्यांनी बोटानं किटलीखालचा कागद ठोकला. मग आवाज खाली आला. "शिरताना टोपी काढली मी. पोरासाठी. लहानपणी माझ्याच बोटीवर शिकला तो. जाळं ओढताना गायचा, भसाड्या आवाजात. त्याला म्हणायचो, मासे पळतील."

मी मान खाली घातली. 

"लोर्नाला सांग, रडू नको म्हणावं," ते म्हणाले. "तो बरा आहे."

"कोण बरा आहे?"

"काय? जोरात बोल!"

मी हात हलवून नाही म्हटलं आणि उठले. जाताना पाहिलं, त्यांच्या आणि लोर्नाबाईंच्या बाल्कनीमधल्या आडभिंतीचा दरवाजा आत ढकलून उघडा होता. दीर-भावजयीला संध्याकाळचा चहा एकत्र घेता यावा म्हणून पहिल्याच दिवशी मी स्वतः चावी लावून तो उघडून दिला होता. आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. म्हाताऱ्याचं दुःख समोर असलं की त्याच्या बुटांकडे लक्ष जात नाही.

तेवढ्यात जोमार धावत आला. "मॅम, खालच्या मजल्यावरच्या क्रॉथरबाई किंचाळतायत. त्यांच्या टोस्टवर काहीतरी पडलंय म्हणे."

४

व्हायोलेट क्रॉथर ॲडलेडच्या. लोर्नाबाईंच्या केबिनच्या बरोबर खाली. गळ्यात मोत्यांची माळ, हातात पुरावा म्हणून जपून ठेवलेला टोस्ट.

"पाऊण तास आधी करायला हवी होती ही तक्रार, पण तुमचा फोन कुणी उचलत नाही! पावणेआठला बाल्कनीत बसले, मुरंबा लावला, आणि वरून काजळी! तुमच्या धुराड्याची! आणि हा मुलगा म्हणतो, धुता येणार नाही!"

जोमार ओला फडका हातात धरून उभा होता. "मॅम, मीच थांबलो. खाडीत आहोत ना."

"बरं केलंस."

खाडीत असताना आम्ही डेक धूत नाही, बाल्कन्या धूत नाही. कपडे धुण्याचं पाणीसुद्धा टाकीत साठवून ठेवतो. आणि कचरा जाळायची भट्टी आदल्या रात्रीच बंद करतो. मी तिथेच थबकले. भट्टी बंद होती, मग काजळी कुठली?

मी बाल्कनीत गेले. कठड्यावर, ओल्या पट्टीवर, फिकट राखाडी काहीतरी चिकटलं होतं. काजळीसारखं काळं नाही, मऊ नाही. बोटाला खरखरीत लागलं. तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे.

आमच्या बेटावर मेलेल्यांना पुरतात, जाळत नाहीत. तरी मला कळलं. मी गुडघ्यांवर बसले.

"काय झालं हो?" क्रॉथरबाई आतून ओरडल्या. "विषारी आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचा टोस्ट मला द्या. दुसरा पाठवते."

"मी अर्धा खाल्लाय."

मी टोस्ट त्यांच्या हातातून काढून घेतला. 

खिशातून कोरडा रुमाल काढला. चिमूटभर तरी उचलून त्या माऊलीला द्यावी, एवढंच मनात होतं. रुमाल उलगडेपर्यंत कड्यावरून वाऱ्याचा झोत आला, धबधब्याचा फवारा तिरपा होऊन आमच्या अंगावर फुटला, आणि माझ्या डोळ्यांदेखत कठडा लख्ख झाला. आम्हाला मनाई होती ते डोंगरानं केलं.

आल्फ हरवले नव्हते. पावणेआठला ते पाण्यात गेले होते. मिलफर्डच्या पाण्यात.

५

कपड्यांच्या खोलीत बसून मी चादरींच्या घड्या घातल्या. हात चालले की माझं डोकं चालतं. दीड वाजता लोर्नाबाईंकडे गेले. रोवेनालाही बोलावून आणलं होतं. मायलेकी खोलीच्या दोन टोकांना बसल्या.

"जो रागानं टाकतो, तो डबा फेकून देतो," मी म्हणाले. "इथे पिशवी धुऊन, पुसून, घडी करून ठेवली. हे शत्रूचं काम नाही. ज्यानं केलं त्यानं मायेनं केलं."

"मायेनं?" रोवेना म्हणाली. "मिलफर्डमध्ये?"

"तेच तर. आल्फसाहेबांवर माया असलेला माणूस त्यांना डस्कीतच सोडेल. म्हणजे ज्यानं सोडलं, त्याला वाटलं की हेच डस्की. आता असं कुणाला वाटेल? क्रम बदलल्याचं पावणेसातला लाउडस्पीकरवर सांगितलं. तुम्ही दोघी रांगेत होतात, ऐकलंत. आम्ही नोकर मार्गिकेत होतो, ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त केबिनमध्ये बसलेल्यानं. त्याच्या हातात छापील कागद. कागदावर साडेसातला डस्की. बाहेर धुकं."

लोर्नाबाईंचे डोळे बाल्कनीच्या दाराकडे वळले.

"गालिच्यावर पावलं तिकडूनच आली आणि तिकडेच गेली," मी म्हणाले. "म्हणून कुलपाला पत्ता नाही. रोवेनाबाई दारानं आल्या, दारानं गेल्या. मधला दरवाजा मीच उघडून दिला होता. आणि सकाळी साहेब मला म्हणाले, शिरताना पोरासाठी टोपी काढली. केलसाठी टोपी मिलफर्डमध्ये कशाला काढायची?"



"काल रात्री जेवताना," रोवेना हळू म्हणाली, "मी ओरडले होते. उद्यानाच्या त्या माणसाला जाऊन सांगते, म्हणाले. काका यंत्र लावून बसले होते." तिनं तोंडावर हात धरला. "मी सांगेन, डबा काढून घेतील, असं वाटलं त्यांना. माझ्यामुळे."

"मिलफर्डपासून डस्की किती लांब?" लोर्नाबाईंनी मला विचारलं.

"सहा तासांची वाट. आता आलोच आहोत."

"सहा तास." त्यांनी डबा बंद केला. "बाप तिकडे आणि पोर इकडे."

रोवेना उठली. "मी जाते त्यांच्याकडे. निदान माणसानं एकदा विचारावं! एकदा!"

"बस खाली." आवाज चढला नव्हता, पण रोवेना बसली. "क्लॅरीचं कोण आहे दुसरं? ना बायको, ना पोर. केलला त्यानं होडी हाकायला शिकवली, आणि अकरा वर्षं तो ते स्वतःचा गुन्हा समजून जगतोय. आता भावालाही चुकीच्या पाण्यात टाकलं, हे कळलं तर पुढचा आठवडा बघणार नाही तो. त्याला कळता कामा नये."

"पण तीन वाजता सगळं जहाज डस्की डस्की करेल. काका डेकवर आले की वाचतील, बघतील."

"डेकवर यायचाच नाही."

"कसं?"

"मी बसते त्याच्याबरोबर आत. पत्ते खेळू. मी बस म्हटलं की तो बसतो."

रोवेना आईकडे बघत राहिली. "आई, म्हणजे तूही बघणार नाहीस? केल जिथे... तू तर त्यासाठीच आलीस."

 पदराला हात पुसावेत तसे लोर्नाबाईंनी दोन्ही हात स्कर्टला पुसले. "तू जा," त्या शेवटी म्हणाल्या. "वर, पुढच्या टोकाला. तुझा भाऊ आहे तो. आणि रोवेना, तुझ्यावर आळ घेतला मी."

"राहू दे, आई. सवय आहे," रोवेना म्हणाली, आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली.

६

पत्त्यांची खोली पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या पोटात. खिडकी नाही. मी तिथला लाउडस्पीकर बंद करून घेतला.

तीनला डस्कीत शिरलो. ढग फाटले होते, लाटा निवल्या होत्या. बेटांमागून बेटं, प्रत्येकावर ऊन. वरून खाली चहाचा ट्रे घेऊन येताना मी एवढंच पाहिलं, आणि पाहिल्याचा अपराध वाटला. रोवेना पुढच्या टोकाला एकटी उभी होती. कठडा दोन्ही हातांनी धरून.

खाली दोघं समोरासमोर. क्लॅरीसाहेब पानं पिसत होते.

"चल वर जाऊ या की, लोर्ना. मिलफर्ड बघायला लोक पैसे मोजतात."

"डोंगर बघून कंटाळले रे मी. पानं वाट."

"पोरी," ते माझ्याकडे वळले, "बाहेर उघडलंय का? दिसतोय का तो टोकदार डोंगर?"

 "साखर किती घालू?" मी ओरडून विचारलं.

"दोन. तीन घाल, रोवेना नाहीये."

मी तीन चमचे घातले.  लोर्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

क्लॅरीसाहेबांनी पानं वाटली नाहीत. गठ्ठा खाली ठेवला.

"लोर्ना, एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"मी सोडलं आल्फला. सकाळी. डस्कीत शिरलो तेव्हा." ते टेबलाकडे बघत भरभर बोलत होते. "रोवेना त्या माणसाला सांगणार, मग तुला धरणार, दंड, बोलणी. म्हटलं, आपण करू, आपल्यावर येऊ दे. रात्री सांगणार होतो तुला, पोरगी निजली की. तुला सकाळी तशी बसलेली पाहिली आणि माझी हिंमतच गेली. तुझ्या हातून व्हायला हवं होतं ते. मी हिरावून घेतलं."

लोर्नाबाईंनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "काय म्हणालास त्याला?"

"आल्फला काही नाही. केलला म्हटलं, बाबा आलाय रे. सरक, जागा कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. जे मागायचं ते देवाकडे मागते मी रोज. त्या क्षणी काय मागावं, तेच सुचेना.

"चांगलं केलंस, क्लॅरी," लोर्नाबाई म्हणाल्या.

"खरंच?"

"खरंच. जिथे जायचं होतं तिथे गेला तो."

म्हातारा टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. आणि रडून झाल्यावर, पोट रिकामं झाल्यासारखा हलका झाला. नाक पुसलं, पानं वाटली, दोन डाव जिंकला, आणि केलच्या भसाड्या गाण्याची नक्कल करून दाखवली. लोर्नाबाई हसल्या. मी ते हसू पाहिलं आणि वाटलं, नसत्या हसल्या तर बरं.

पाचच्या सुमाराला जमीन हळूच कलली. जहाज वळत होतं. मग खालून पहिली लांब लाट आली, कप बशीत किणकिणले. खाडीचं तोंड. लाटा उठतात त्या इथेच. केलची बोट इथेच उलटली होती.

कुणी सांगायची गरज नव्हती. मासेमाराच्या बायकोला तळपायाला कळतं. लोर्नाबाईंनी डावा हात टेबलावर उपडा ठेवला, सगळी बोटं पसरून, पाळण्यातल्या पोराच्या छातीवर ठेवावा तसा. उजव्या हातात पानं तशीच होती.

"तुझी पाळी, लोर्ना," क्लॅरीसाहेब म्हणाले.

"हं."

"टाक की. केव्हाची बघतेयस."

"सुचत नाही रे," त्या म्हणाल्या. "कुठलं पान टाकू?"

क्लॅरीसाहेब वाकले, लोर्नाबाईंच्या हातातल्या पानांवरून मायेनं नजर फिरवली, त्यातलं एक उपसलं, आणि त्यांच्या वतीनं टाकलं.